उसने हंस

लग्न होऊन मी पावसहून रत्नागिरीला आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन वस्तू अशा होत्या की संसारात त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. एक शाळेतली भरतकामाची वही आणि दुसरा मॅटीच्या पांढऱ्या कापडाचा वार-दीड वारचा तुकडा. मॅटी म्हणजे ते जाड, चौकड्यांच्या विणीचं कापड, ज्याच्यावर मोजून मोजून फुल्या घालतात. गुणाकाराच्या चिन्हासारखी एक फुली, तिला लागून दुसरी, अशा हजारभर फुल्या झाल्या की त्यांतून गुलाब उमटतो, नाही तर पोपट, नाही तर 'सुस्वागतम्'. तो काळ ऐंशीच्या आसपासचा. आळीतल्या प्रत्येक घरात असलं काहीतरी भिंतीवर असे आणि बहुतेक घरांत ते पोपटच असत.

माझा नवरा मिरकरवाड्याला बंदरावरच्या एका बर्फाच्या कारखान्यात होता. पहाटे जाई, दुपारी येई, जेवे आणि झोपे. सासू-सासरे गावी. त्यामुळे दुपारी दोन ते पाच हा वेळ सगळाच्या सगळा माझा होता. मी दारात बसून फुल्या घालायची.

पहिलं मोठं काम केलं ते हंसांचं. मुंबईच्या नणंदेनं कुठल्याशा जुन्या मासिकातलं एक पान फाडून पाठवलं होतं. निळ्या तळ्यात दोन हंस समोरासमोर, माना वाकवून मधे बदाम केलेला. मी जन्मात हंस पाहिला नव्हता. पावसला बगळे होते, पण बगळा असल्या भानगडीत पडत नाही. तरी मी हंस करायला घेतले आणि चार महिने त्यांच्या पिसांतच राहिले. शेवटच्या दिवशी फक्त उजवीकडच्या हंसिणीचा डोळा बाकी होता. एक काळी फुली, बस. फुलीला दोन पाय असतात. त्यातला एक पाय पडला आणि काळा दोरा संपला.

आता डावीकडच्या हंसाचा डोळा नीट, आणि हंसिणीच्या डोळ्याच्या जागी नुसती तिरकी रेघ. बघणाऱ्याला वाटावं की बाई डोळा मारतेय.

नवरा कामावरून आला, हातपाय धुतले आणि टॉवेल खांद्यावर टाकून बराच वेळ बघत उभा राहिला.

"ही कुणाला डोळा मारतेय?"

"दोरा संपलाय. उद्या आणते."

"नको. राहू दे," तो म्हणाला. "घरी आल्यावर कुणीतरी दखल घेतं माझी."

म्हणून ती तशीच राहिली. मी त्या कापडाच्या वरच्या आणि खालच्या काठात कळकाची एकेक काडी शिवून टाकली, सुतळी बांधली आणि हंस खिळ्याला लावले. उतरवायचे तर गुंडाळी करून काखेत मारता येत. ही सोय पुढे फार नडली.

शेजारी एक काकू राहत. त्यांची मुलगी बावीस वर्षांची. टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेली, हुशार, पण काकूंच्या मते तिचे हात भलतीकडेच चालत. आळीत कुणाचा स्टोव्ह फुरफुरला, इस्त्री तापेनाशी झाली, रेडिओ खरखरला की लोक तिला हाक मारत. केसातली पिन, सुरी आणि एक वाकडा पेचकस एवढ्यावर ती काहीही उघडी आणि पुन्हा बंदही करी. सुई मात्र तिच्या हातात टिकत नसे. मी एकदा तिला शिकवायला बसले, तर तिनं दोरा ओवण्याऐवजी सुईचं भोक मोठं करता येईल का, यावर विचार केला.

तिला बघायला पहिलं स्थळ यायचं होतं त्या सकाळी काकू माझ्याकडे आल्या. उंबऱ्यात उभ्या राहून हंसांकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, दोन तासांसाठी हे देशील? भिंत अगदीच मोकळी दिसते."

मी दिले. मला काय, शेजारधर्म. संध्याकाळी हंस परत आले, पाठोपाठ मुलगी आली आणि पडवीत बसून म्हणाली, "वहिनी, ते हंस मी केलेत, बरं का. चार महिने लागले. मला दोनदा सुई टोचली."

"कोण म्हणालं?"

"आई म्हणाली. त्यांच्यासमोर. मी काय बोलणार?"

ते स्थळ जुळलं नाही. मुलगा मुलीपेक्षा बोटभर बुटका निघाला आणि तो दोषही त्यांनी मुलीचाच काढला. पण 'मुलीचं हातकाम छान आहे' असं ते जाताना म्हणाले होते आणि हे वाक्य काकूंनी आळीभर सांगितलं. व्हायचं ते झालं. विहिरीजवळच्या घरात एक लग्नाची मुलगी होती, कोपऱ्यावरच्या घरात एक होती. दोन्ही घरच्या आया एकामागून एक येऊन गेल्या. त्या वर्षी माझे हंस माझ्या भिंतीवर कमी आणि लोकांच्या भिंतीवर जास्त राहिले. नवरा घरी आला की मोकळ्या खिळ्याकडे बघून विचारी, "आज कुणाकडे मुक्काम?"

मला आधी त्याचा अभिमानच वाटत होता. मग एकदा विहिरीजवळच्या घरी बघण्याच्या वेळी मला मदतीला बोलावलं. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले, तर मुलाची आत्या हंसांसमोर बसलेली. तिनं बशी घेतली आणि मला आपुलकीनं म्हणाली, "बघा, एवढीशी पोर, पण काय हात आहे. तुम्हीही शिकून घ्या हिच्याकडून. दुपारचा वेळ बरा जाईल."

मी म्हटलं, "हो, विचार आहे."

घरी येऊन ठरवलं, आता असलं काहीतरी करायचं की जे कुणी उसनं मागायला येणार नाही. ते माझं खरं काम सुरू झालं, असं मी आजही म्हणते. नणंदेची पानं बाजूला ठेवली आणि जे डोळ्यांसमोर आहे ते करायला घेतलं. आमच्याकडे रोज दारावर एक मासेवाली यायची, तिला मी मावशी म्हणायची. तिच्या टोपलीत कापडावर यावं असं खूप काही होतं. पहिलं पापलेट केलं. पांढऱ्या कापडावर पांढरट-राखाडी दोऱ्यानं तीन आठवडे पापलेट भरलं आणि मोठ्या हौसेनं मावशीला दाखवलं. तिनं टोपली खाली ठेवली, कापड हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं.

"ह्येचा डोळा तेवढा दिसतोय गो," ती म्हणाली. "बाकीचं खाल्लंस काय?"

खरंच होतं ते. दोन हात लांबून बघितलं तर पांढऱ्या कापडावर एक एकटा काळा डोळा होता.

म्हणून मग बांगडा घेतला. बांगड्याच्या पाठीवर निळसर-हिरवे पट्टे असतात, पोट रुपेरी, ओळखू येणारच. नमुना मिळणार कुठून? नवऱ्यानं कारखान्यातल्या मिस्त्रीकडून बारीक चौकटींचा आलेखाचा कागद आणला. मी मावशीकडून एक ताजा बांगडा घेतला, कागदावर आडवा ठेवला आणि पेन्सिलीनं त्याच्या कडेनं रेघ मारली. मग त्याला उचलून बाजूला ठेवून, बघून बघून एकेक चौकट रंगवली. दोन दिवस हे चाललं. बांगडा पहिल्याच दिवशी जेवणात गेला, पण वास कागदात राहिला. तिसऱ्या दिवशी मी पाणी भरून आले, तर आळीतलं मांजर नमुना चावत बसलेलं. मी ओरडून त्याला हाकललं, तोवर शेपटाकडचा चतकोर कागद त्याच्या पोटात गेला होता. त्यामुळे माझा बांगडा शेपटाशिवाय आहे. मधेच सरळ रेषेत संपतो, जणू दारात अडकलाय.

मावशीनं तो पाहिला. "ह्यो बांगडा हाय," ती म्हणाली. मला तेवढं पुरे होतं.

मग आला तो मे महिन्यातला रविवार. त्या दिवसांत मुंबईचे नोकरदार आठ-पंधरा दिवसांच्या रजेवर गावी येत आणि तेवढ्यात घर शाकारणं, आंबे उतरवणं आणि मुली बघणं एवढं सगळं उरकून घेत. काकूंनी हंस आधीच सांगून ठेवले होते, दुपारी चारसाठी. विहिरीजवळच्या घरानं सकाळी दहासाठी मागितले होते, कोपऱ्यावरच्यांनी साडेअकरासाठी. वेळा वेगळ्या होत्या म्हणून मी तिघींना हो म्हटलं होतं. रविवारी सकाळी आठला काकू आल्या आणि सहज बोलता बोलता म्हणाल्या, मुलगा मुंबईला गोदीत आहे, मूळचे वेळणेश्वरचे, बरोबर आई आणि मामा येणार, आईचे गुडघे दुखतात म्हणून खुर्ची लागेल.

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. विहिरीजवळच्या घरानंही आदल्या दिवशी माझ्याकडून खुर्चीच मागून नेली होती, आणि तीही दुखऱ्या गुडघ्यांसाठीच.

"काकू, हे एकच स्थळ आहे. तिन्ही घरं एकाच मुलाला दाखवतायत."

काकूंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "खुर्ची कशी आणायची ते बघू. हंसांचं काय करायचं?"

"तुम्ही बांगडा घेता?"

"मुलीच्या बघण्यात मासा, वहिनी? तोसुद्धा अर्धा?"

हंस तोवर विहिरीजवळ पोचलेही होते. तिथून काढून आणले तर ते घर बोलायचं नाही. कोपऱ्यावर पोचवले नाहीत तर ते घर बोलायचं नाही. शेवटी असं ठरलं की पहिल्या घरातून मंडळी बाहेर पडली की मी मागच्या दारानं हंस घ्यायचे आणि ती पाखाडी चढून कोपऱ्यावर पोचायच्या आत तिथं लावायचे. पाखाडी म्हणजे आमच्याकडची जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. गुडघेदुखीच्या बाईला ती चढायला वेळ लागणार हे खरं, पण भरवसा काय? म्हणून मी नवऱ्याला उठवलं.

"तुम्ही वाटेत उभे राहा आणि त्यांना बोलण्यात गुंतवा."

"कशाबद्दल बोलू?"

"काहीही. तुम्हाला जे येतं ते."

मी विहिरीवर कळशी घेऊन उभी राहिले. साडेअकराच्या सुमाराला माजघरातून निरोप आला, 'निघाले', आणि खिडकीतून गुंडाळी माझ्या हातात पडली. कळशी तिथंच सोडून मी परसातून पळाले. मधे दोन गडगे होते, म्हणजे दगडावर दगड रचलेली आमच्याकडची कुंपणं. पहिला मी साडी खोचून नीट चढून उतरले. दुसऱ्यावर चढले तेव्हा पलीकडची कोंबडी दचकून उडाली, तिच्यामुळे मी दचकले आणि गुंडाळी निसटून खाली पडून उलगडली. खाली चटईवर आमसुलं वाळत घातली होती. उचलून बघते तर डावीकडच्या हंसाच्या पोटावर वाटीएवढा लालभडक डाग. पुसायला गेले तर पसरला.

कोपऱ्यावरच्या घरात मी हंस खिळ्याला अडकवले आणि स्वयंपाकघरात जाऊन मटकन बसले. पाहुणे काही येईनात. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. खिडकीतून बघितलं तर माझा नवरा पाखाडीच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी हवेत मोठी पेटी काढून दाखवत होता. बर्फाची लादी कशी बनते ते तो सांगत होता. खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात गोड्या पाण्याचे डबे, मग अमोनियाच्या नळ्या. मामा पायरीवर बसले होते. आई भिंतीला टेकून उभी होती. मुलगा मात्र मान पुढे काढून मन लावून ऐकत होता आणि मधे मधे विचारतही होता.

दुपारी जेवताना नवरा मला म्हणाला, "मुलगा चांगला आहे. अमोनियाबद्दल नीट विचारतो."

आता राहिलं काकूंचं घर. मी म्हटलं, इथं हंस नकोच. दोन घरांत पाहिलेत त्यांनी. काकू ऐकेनात. ज्या दोन घरांत हातकाम दिसलं तिथल्या मुली पुढे जातील आणि आपली मागे राहील, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. काड्या ओढून काढायच्या आणि हंस भिंतीवर न लावता रेडिओवर टाकायचे. आणि डाव्या बाजूचा, डाग पडलेला हंस वर ठेवायचा, डागावर फुलदाणी. डोळा मारणारी हंसीण मागे दुमडून रेडिओच्या पाठी. "त्या दोन घरांत दोन होते," काकू म्हणाल्या, "इथं एकच. म्हणजे हे वेगळं काम झालं."

मुलगी हे सगळं मोडक्या स्टुलावर बसून बघत होती. "आई, मला विचारलं तर मी काय सांगू? दुसऱ्याचा दोरा संपला?"

"तू काही सांगू नकोस. तू मान खाली घाल."

बरोबर चारला पाहुणे आले. मी आत पोहे परतत होते आणि दाराच्या फटीतून बाहेर बघत होते. मुलगा पांढऱ्या पँटमध्ये, तोपर्यंत जरा मरगळलेला. मामांनी बसतानाच पोह्यांच्या वासाच्या दिशेनं थकल्या नजरेनं बघितलं. आई खुर्चीत बसली. जाड भिंगाचा चष्मा, ठेंगणी, कमी बोलणारी बाई. नाव, शिक्षण, मामाचं गाव असे नेहमीचे प्रश्न झाले. मुलीनं मान खाली घालून उत्तरं दिली. मग त्या बाईची नजर रेडिओवर गेली. ती तिथंच थांबली.

ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली, रेडिओजवळ गेली, फुलदाणी उचलून मामांच्या हातात दिली आणि कापडाचा मागचा भाग ओढून समोर घेतला.

"ही इथं आहे होय," ती म्हणाली.

काकूंनी बारीक आवाजात विचारलं, "कोण?"

"डोळा मारते ती. सकाळपासून तिसऱ्यांदा भेटली." मग तिनं हंसाच्या पोटाला हात लावला. "आणि ह्याला काय लागलं? दहा वाजता बरा होता."

काकू म्हणाल्या, "आमच्या आळीत सगळ्या मुली हाच नमुना करतात."

"करत असतील. समोरून सारखा नमुना कुणीही काढेल." तिनं कापड उलटं केलं. "पण मी हातकाम नेहमी मागून बघते. हे बघा, इथं पांढरा दोरा संपला म्हणून गुलाबी दोऱ्याची गाठ मारलीय. विहिरीजवळच्या घरातही ही गाठ इथंच होती. कोपऱ्यावरही इथंच. तीन मुलींचा पांढरा दोरा एकाच चौकटीत संपला, हे मला जरा जास्तच वाटलं."

मामांना हसू आलं, पण हातात फुलदाणी होती म्हणून त्यांना तोंड झाकता आलं नाही. काकू पदराशी चाळा करत राहिल्या. तेव्हा मुलीनं मान वर केली.

"हे वहिनींनी केलंय," ती म्हणाली. "शेजारच्या. आत पोहे करतायत त्या. मला सुईत दोरा ओवता येत नाही."

"मग काय येतं?"

"टायपिंग. आणि हा रेडिओ. तुम्ही कापड ओढलंत तेव्हा तो बंद पडला, आणि त्याचं बटणही गळलं, ते खाटेखाली गेलंय."

रेडिओ खरंच बंद पडला होता. मघापर्यंत तो मंद आवाजात चालू होता, हेच कुणाच्या लक्षात नव्हतं. मुलगा एकदम उठला आणि म्हणाला, "मी काढतो." आणि त्या पांढऱ्या पँटसकट तो खाटेखाली शिरला. बराच वेळ त्याचे फक्त तळवे दिसत होते. बटण घेऊन बाहेर आला तेव्हा पँटचे गुडघे मातकट झाले होते आणि केसांत जळमट होतं. तोवर मुलीनं आतून सुरी आणून रेडिओची पाठ उघडली होती.

"तार सुटलीय," ती म्हणाली. "जरा उजेडाकडे धरता?"

त्यानं धरला. बघण्याच्या कार्यक्रमात असं काही होतं हे मी आधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही. काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

"वहिनींना बाहेर बोलवा," त्या बाईनं सांगितलं.

मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आले. मला वाटलं, आता चांगलं ऐकावं लागणार. ऐकावं लागलंही. तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "तुमच्या फुल्यांचे वरचे पाय एका दिशेला पडत नाहीत. मानेकडे उजवीकडे झुकलेत आणि शेपटीकडे डावीकडे. म्हणून पिसं विस्कटलेली दिसतात."

एवढ्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी बशी ठेवली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. मग आमचं जे सुरू झालं ते थांबेना. मधून सुरू करावं की कोपऱ्यातून, दोरा दोन पदरी घ्यावा की तीन, उसवताना कात्री वापरावी की सुईनं मागे यावं. ती उसवण्याच्या ठाम विरोधात होती. "झालं ते झालं, पुढे जायचं," असं तिचं मत. माझ्या निम्म्या दुपारी उसवण्यात गेल्या होत्या, त्यामुळे आमचं थोडं भांडणही झालं. तिनं विचारलं, आणखी काय केलंय? मी घरी जाऊन बांगडा आणला.

तिनं तो बराच वेळ बघितला. "पाठ बरोबर आलीय. शेपूट कुठाय?"

"मांजरानं खाल्लं."

"बांगड्याचं?"

"नमुन्याचं."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली आणि हसताना तिचा चष्मा नाकावरून घसरला. मामा म्हणाले, "गाडी चुकेल." ती म्हणाली, "पुढची घेऊ." मामांनी सांगितलं की गुहागरकडे पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आहे. म्हणून ते उठले. निघताना मामा काकूंना म्हणाले, "पोहे मात्र तिन्ही घरचे वेगवेगळे होते, बरं का." त्यांनी ते दिलासा म्हणूनच म्हटलं असावं.

त्यानंतर दहा-बारा दिवस काकूंचं आणि माझं बोलणं तोंडदेखलं होतं. विहिरीजवळच्या आणि कोपऱ्यावरच्या घरांना सगळं कळलंच होतं. कोपऱ्यावरच्या बाई तर पाखाडीवर समोरून आल्या की माझ्याकडे न बघता आभाळाकडे बघत. माझी कळशीही त्या विहिरीवरून परत आली नव्हती.

मग मुंबईहून पाकीट आलं. काकूंच्या नावानं नाही, माझ्या नावानं. पत्त्यात नुसतं 'बर्फवाल्यांचे घर' लिहिलेलं. आत आलेखाच्या कागदाचा तुकडा होता आणि त्याला बांगड्याचा वास येत होता. त्या बाईनं बाजारातून बांगडा आणून, कागदावर ठेवून, त्याचं शेपूट काढलं होतं. चौकट न् चौकट रंगवलेली, दोऱ्यांचे रंग बाजूला लिहिलेले. खाली सूचना होती: वरचे पाय उजवीकडे. त्याच्याही खाली, जागा उरली नव्हती म्हणून कडेनं वळवून, बारीक अक्षरात लिहिलं होतं: मुलाला मुलगी पसंत आहे. शेजारी कळवावे.

मी तो कागद घेऊन काकूंकडे गेले. काकूंनी शेपटाचा आधी सुलटा, मग उलटा अर्थ लावायचा प्रयत्न केला. शेवटी मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्या खाली बसल्या. मुलगी स्टोव्हची पिन तोंडात धरून उभी होती. ती पिन काढून म्हणाली, "त्यांच्या पँटचे डाग निघाले का, ते काही लिहिलंय?"

"नाही."

"विचारा," ती म्हणाली. काकूंनी तो होकार धरला आणि तो होकारच होता.

दिवाळीनंतर लग्न झालं आणि ती मुंबईला गेली. तिच्या सासूची आणि माझी पत्रं मात्र चालू राहिली, त्यांत लेकी-सुनांपेक्षा दोऱ्यांबद्दलच जास्त असे. पुढच्या वर्षी त्या सासूच्या डोक्यात एक कल्पना आली. एक मोठा टेबलक्लॉथ दोघींनी मिळून करायचा, मधोमध शिडाची होडी. पुढचा अर्धा भाग तिनं मुंबईत भरायचा, मागचा अर्धा मी रत्नागिरीत, आणि मे महिन्यात भेटून मधे शिवण घालायची. आमच्या घरात टेबल नव्हतं, हे मी तिला कळवलं. तिनं लिहिलं की तिच्याकडेही नाही.

आम्ही वर्षभर मेहनत केली. मे महिन्यात ती वेळणेश्वरला आली आणि तिथून मुद्दाम आमच्याकडे आली. पडवीत चटईवर आम्ही दोन्ही तुकडे शेजारी शेजारी मांडले. तिनं खालच्या काठापासून मोजलं होतं आणि मी वरच्या. होडीचा पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्यापेक्षा सहा चौकटी वर गेला होता. माझा नवरा चहाचा कप घेऊन आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "पुळणीच्या वाळूवर चढलीय."

मी हळूच म्हटलं, "एक बाजू उसवूया का?"

"नाव काढू नका," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवला.

तासाभरात आम्ही ती होडी तशीच शिवून टाकली. मग ती कुणी न्यायची यावर पुन्हा वाद झाला, कारण दोघींनाही ती दुसरीकडे राहावी असं वाटत होतं. शेवटी नवऱ्यानं ती कारखान्यातल्या साहेबाच्या टेबलावर नेऊन घातली. साहेबानं सुरुवातीला काही विचारलं नाही. आठवड्यानं विचारलं, की ही होडी कुठल्या बंदराची.